सुजलेल्या पायातली जोडवी

मोताळ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. पार्लर म्हणजे एक खोली, दोन आरसे, एक फिरती खुर्ची जी आता फिरत नाही, आणि एक कूलर, ज्यात पाणी टाकायची आठवण गिऱ्हाईकच मला करून देतं. पण लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी उभ्याने बायकांच्या भुवया कोरते. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि समोर डोळे मिटून बसलेली बाई. त्या वर्षी ऐन वैशाखात लग्नसराई आणि माझा आठवा महिना एकदमच आले, आणि माझे पाय सुजले.

सुजले म्हणजे असेतसे नाही. पोटरी कुठे संपते आणि घोटा कुठे सुरू होतो ते मलाच सांगता येईना. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. माझ्या नवऱ्याला या खड्ड्याची भारी गंमत. तो ट्रक चालवतो. नांदुऱ्याहून कापसाच्या गाठी भरायच्या आणि गुजरातेत नेऊन टाकायच्या, दहा दिवस रस्त्यावर आणि चार दिवस घरी. त्या चार दिवसांत तो येता-जाता माझ्या पायावर बोट दाबून बघायचा. मी सांगून टाकलं, आणखी एकदा दाबाल तर झोपेत दोन्ही भुवया काढून घेईन, मग हिंडा तसेच गुजरातभर. तेव्हा कुठे थांबला.

नवरा थांबला, पण गल्ली थांबेना. आमच्याकडे गरोदर बाईचे पाय सुजले की ती तिची खाजगी बाब राहत नाही. जी बाई भुवया कोरायला यायची ती उपाय घेऊनच यायची. एक म्हणाली धण्याचं पाणी घे. दुसरी म्हणाली धणे बिलकूल नको, जवाचं पाणी घे. एका शिक्षिकेने सांगितलं की मीठ पूर्ण बंद कर, आणि तिच्या मागे नंबर लावून बसलेल्या तिच्याच आईने सांगितलं की बादलीभर मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बस. मायलेकींचं माझ्याच खुर्चीत भांडण जुंपलं. शिक्षिकेची अर्धी भुवई माझ्या दोऱ्यात, आणि ती मान वळवून आईशी वाद घालतेय. त्या दिवशी तिची एक भुवई जरा जास्तच वर कोरली गेली. पंधरा दिवस ती वर्गात सतत काहीतरी शंका आल्यासारखी दिसत होती, असं ऐकलं.

मग पाय बघून मुलगा की मुलगी हेही सांगणाऱ्या आल्या. डावा जास्त सुजला म्हणून मुलगी, टाच सुजली नाही म्हणून मुलगा. मला पाय दोन होते आणि दोन्ही ठणकत होते, एवढंच मला पक्कं माहीत होतं.

या सगळ्या बायकांना पुरून उरतील अशा माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लहानखुऱ्या, किडकिडीत, पण आवाज असा की घरात बोलल्या तर बसस्टँडवरच्या कंट्रोलरला ऐकू जावं. सासरे फार वर्षांपूर्वी गेले, शेतातल्या विहिरीवर मोटर सुरू करताना शॉक लागून. तेव्हापासून एकटीने शेत पाहिलं, एकुलता एक मुलगा वाढवला, आणि आता सगळी ताकद माझ्या पायांवर लावायला त्या मोकळ्या होत्या.

आत्याबाईंचं म्हणणं असं की सूज पाण्याने येते. बाई पाणी पिते, ते खाली उतरतं आणि पायात साचतं. साधी गोष्ट आहे, त्यात डॉक्टरला काय विचारायचं. म्हणून त्यांनी माझं पाणी तोडलं. माठाजवळ पाट टाकून त्या गहू निवडत बसायच्या आणि मी तिकडे फिरकले की नुसतं बघायच्या. वैशाखातलं ऊन, अंगाची लाही, आणि मी आपल्याच घरात चोरून पाणी पितेय. पार्लरला जाऊन कूलरमध्ये टाकायला आणलेल्या कॅनमधून मी दोन-दोन तांबे घटाघट रिचवायचे. कूलर बिचारा कोरडाच फिरायचा.

दुसरा उपाय विटांचा. पाय उंच ठेवावेत हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. पण त्यांना अर्धवट काही आवडत नाही. त्यांनी माझ्या लोखंडी पलंगाच्या पायथ्याखाली दोन्हीकडे चार-चार विटा लावल्या. दुपारी मी आडवी झाले, डोळा लागला, आणि जाग आली ती डोकं भिंतीवर आपटून. मी आख्खी पोटासकट उताराला लागले होते. आत्याबाई धावत आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या की पाय उतरले का ते पाह्य आधी.

अशात तपासणीचा दिवस आला. सरकारी दवाखान्यातली सिस्टर आमच्या ओळखीची, बोलायला फटकळ. तिने रक्तदाब पाहिला, लघवी तपासली, दोन्ही ठीक निघालं. मग आत्याबाईंचा पाण्याचा सिद्धांत तिने ऐकला आणि तिचा पारा चढला. गरोदर बाईचं पाणी तोडता का, भरपूर पिऊ द्या, अशी त्यांची चांगली खरडपट्टी काढली. पाय उशीवर उंच ठेव, डाव्या कुशीवर झोप, तासन्तास उभी राहू नको, बसून काम कर आणि मधूनमधून चार पावलं चाल, पापड-लोणचं बाजूला ठेव. आणि चेहरा किंवा हात एकाएकी सुजले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी काढे करत बसायचं नाही, तसंच उठून इकडे यायचं. हे सगळं तिने आत्याबाईंकडे बघत सांगितलं, मला फार बरं वाटलं. आत्याबाई विटांबद्दल काही बोलल्या नाहीत.

मग सिस्टरची नजर माझ्या पायाच्या बोटांवर गेली. अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीची जाड जोडवी, दोन्ही पायांत. जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगून वर आलेलं, मधे जोडवं रुतलेलं, आणि पुढचा भाग जांभळट. तिने जेली लावून ओढून पाहिलं. मी अशी किंचाळले की बाहेरच्या बाकावरची एक बाई नंबर सोडून उठून गेली. मग सिस्टर शांतपणे म्हणाली की रक्त पुढे जात नाहीये, हे आज नाहीतर उद्या निघालंच पाहिजे, राहिलं तर बोट गमवायची पाळी येईल. सोनाराकडे जा आणि तोडून घ्या.

दवाखान्यापासून घरापर्यंत ऑटोत आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसलेल्या मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं सिस्टर बोलली त्याचा राग आला असेल.

आता इथे आमच्या घरचा पराक्रम सांगितला पाहिजे, कारण ती जोडवी आपोआप अडकली नव्हती. आम्ही ती नीट पैसे देऊन अडकवून घेतली होती. बाजारात मिळतात त्या जोडव्यांना खाली फट असते, बोटाप्रमाणे दाबायची किंवा सैल करायची. माझीही तशीच होती. तिसऱ्या महिन्यात मला अन्न ठरेना, वजन उतरलं, बोटं बारीक झाली, आणि एक दिवस आंघोळ करताना डाव्या पायातलं जोडवं निसटून मोरीच्या तोंडाशी जाऊन पडलं. मी ते उचलून घातलंही होतं. पण आत्याबाईंनी पाहिलं. नवरा रस्त्यावर आणि बायकोच्या पायातलं जोडवं मोरीत, हे त्यांच्या मनाने असं घेतलं की त्या दिवसभर तासातासाला मुलाला फोन करून बरा आहेस का विचारत राहिल्या. शेवटी वैतागून त्याने फोन बंद केला, आणि मग घरात जो कहर झाला तो मी सांगत नाही.

दोन दिवसांनी त्या मला नांदुऱ्याला घेऊन गेल्या आणि सोनाराकडून दोन्ही जोडव्यांच्या फटी डाख देऊन कायमच्या बंद करून घेतल्या. बरोबर बोटाच्या मापाची, तेव्हाच्या बारीक बोटाच्या. सोनार म्हणत होता की बाई, पोरीचे दिवस भरताना पाय सुजतात, जरा जागा ठेवू. आत्याबाईंनी त्याला विचारलं की तुमचं दुकान चांदीचं आहे की दवाखान्याचं. त्याने माप घेतलं. काम होईपर्यंत माझी बोटं रिकामी दिसू नयेत म्हणून आत्याबाईंनी त्यांवर लाल दोरा बांधून घ्यायला लावला. आणि जोडवी परत घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी आतून सोनाराच्या बायकोला बोलावून घेतलं.

कारण आत्याबाई माझ्या जोडव्यांना हात लावत नाहीत. मंगळसूत्रालाही नाही, कुंकवाच्या करंड्यालाही नाही. माझं मंगळसूत्र तुटलं तर मणी वेचून द्यायलासुद्धा त्या शेजारणीला हाक मारतात. आमचं लग्न, म्हणजे स्वतःच्या एकुलत्या मुलाचं, आणि त्या सगळा वेळ मांडवाच्या मागे स्वयंपाकाच्या भटाऱ्यावर देखरेख करत उभ्या होत्या. सुरुवातीला मी यावरून खूप भांडले. कोणत्या काळात राहता, असं काही नसतं, वगैरे जे बोलायचं ते सगळं बोलले. त्या फक्त म्हणायच्या, माह्या हाताले नोको. मग मीही सोडून दिलं.

तर दवाखान्यातून आलो आणि मी सरळ मोताळ्यातल्याच सोनाराकडे निघाले, नांदुऱ्यापर्यंत जायचं त्राण नव्हतं. आत्याबाई मागून आल्या. सोनाराने माझा पाय स्टुलावर घेतला, कात्री काढली, आणि मग वर माझ्या पोटाकडे बघून विचारलं की मालक कुठे आहेत. मी म्हटलं गुजरातच्या रस्त्यावर. त्याने कात्री खाली ठेवली. म्हणाला, ताई, भरल्या दिवसाची बाई, मालक प्रवासात, अन् मी जोडवं तोडायचं? ते माझ्याच्याने होणार नाही. मालकाला येऊ द्या, ते समोर उभे राहू द्या, मग एका मिनिटाचं काम आहे. मी म्हटलं मालक यायला चार दिवस आहेत, तोवर बोट जाईल. तो म्हणाला ते खरं आहे, आणि आम्हाला पाणी विचारलं. मी म्हटलं, बोट गेलं की आणून देते, तुमच्या शोकेसात लावा. तरी तो ऐकेना. बाजूला आत्याबाईंनी सुटल्यासारखा श्वास टाकला, तो मला स्पष्ट ऐकू आला, आणि माझं डोकंच फिरलं.

आता राहिली चाची. माझ्या पार्लरशेजारी तिचं बांगड्यांचं दुकान. तिचं उभं आयुष्य लहान बांगडी मोठ्या हातावर चढवण्यात गेलंय. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता ती हाडं अशी दुमडते की बाईला कळत नाही आणि बांगडी मनगटात असते. मला वाटलं, ही काढूही शकेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकान पोरीवर सोडून घरी आली, साबणाचं पाणी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. माझं बोट तिने सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं, पिशवी घालून पाहिली, फुंकर मारून पाहिली. मी उशी तोंडात धरून ओरडत होते. घामाघूम होऊन ती शेवटी मागे सरकली. म्हणाली, बेटी, मेरेकू चढाना आता, उतारना नहीं आता. आणि खरोखर तिला फार वाईट वाटलेलं दिसत होतं. दुकानात नवरीचा चुडा भरायला पाहुणे बसले होते म्हणून तिला लगेच जावं लागलं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते आधीच यायला हवं होतं. बुलडाण्याला पार्लरचा कोर्स करताना आमच्या बाईंनी एकदा एका नवरीच्या सुजलेल्या बोटातली अंगठी दोऱ्याने काढली होती. बोटावर दोरा गच्च गुंडाळायचा आणि मागच्या टोकाने उलगडत आणायचा, अंगठी दोऱ्यावरून पुढे सरकत येते. दोरा म्हणजे तर माझा रोजचा धंदा. मी उत्साहाने उठून बसले, दोऱ्याचं रीळ घेतलं, खाली वाकले, आणि पोट मधे आलं. पायाच्या बोटांपर्यंत माझा हात दोन महिन्यांपासून पोचत नव्हता. कूस बदलून पाहिलं, पाय मांडीवर ओढून पाहिला. अर्धं मोताळं ज्या हातांखालून जातं, त्या हातांना स्वतःचा पाय सापडेना.

आणि आमच्या राहत्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मोठा मुहूर्त होता, सगळी गल्ली नांदुऱ्याला लग्नाला गेली होती. घरात होत्या आत्याबाई. दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या दुसरीकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, चाची संध्याकाळी येते म्हणाली नं.

मी तेव्हा ओरडले नाही, हे मला नीट आठवतं, कारण एरवी मी ओरडलेच असते. चाचीने जाण्याआधी माझ्या बोटाच्या टोकाला पिन टोचून पाहिली होती, ती टोचलेली मला कळली नव्हती. तेच मी त्यांना सांगितलं.

"आत्याबाई, आता दुखत पण नाही. बोट आहे की नाही तेच समजत नाही."

 त्या आत जाऊन वाटीत खोबरेल तेल घेऊन आल्या आणि वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "त्याले फोनवर घे. दिसला पाय्जे मले. तो दिसून राह्यला तोवर मी करते."

अशी आमच्या घरची शस्त्रक्रिया सुरू झाली. माझे पाय दोन उशांवर, त्यांवर अर्धा तास गार पाण्याचं फडकं ठेवून सूज जरा बसवलेली. पलंगावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, आणि त्यात माझा नवरा. गुजरातच्या अलीकडे एका ढाब्यावर ट्रक लावून जेवायला बसला होता. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, अवं तोडून फेका, माझा जीव काय त्या चांदीत आहे का. आत्याबाईंनी त्याला गप्प केलं आणि अट घातली की फोन ठेवायचा नाही आणि सारखं हलत राहायचं. नुसतं दिसून चालणार नाही, हललं पाहिजे. मग तो एका हाताने शेवभाजी खातोय आणि दुसरा हात डोक्यावर हलवतोय. मागून दुसरे ड्रायव्हर डोकावायला लागले. एकाने विचारलं की काय चाललंय, तर हा म्हणाला, घरी पूजा आहे.

मी आडवी पडून सूचना देत होते. केसांच्या पिनेने दोऱ्याचं टोक जोडव्याखालून काढा, मागे थोडं राहू द्या. आता पुढून नखाकडे गुंडाळा, गच्च, वेढ्याला वेढा लागून. आत्याबाईंचा हात जोडव्याजवळ गेला की थबकायचा, मग त्या मोबाईलकडे बघायच्या, मुलगा हात हलवायचा, मग त्यांचा हात पुढे सरकायचा. प्रत्येक वेढ्याला एकदा मुलगा बघून घेत त्यांनी बोट बांधलं. मग मागचं टोक धरून उलगडायला सुरुवात केली. जोडवं हललं. एक वेढा, दोन वेढे. मी अर्धी हसत होते आणि अर्धी रडत होते, आणि मधूनच नवरा विचारत होता, आता दुसरा हात हलवू का.

जोडवं बोटाच्या सांध्यावर आलं. तीच सगळ्यात अवघड जागा. तिथे अशी कळ आली की माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबलं. नवऱ्याचं तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, घास हातात. नेटवर्कने त्याला असा काही पकडला होता की कोणत्याही चांगल्या माणसाने घाबरून जावं. मधोमध ते गोल चाक फिरत राहिलं.

"अरे, हाल नं," आत्याबाई म्हणाल्या. "हाल नं रे बापा."

तो हलला नाही. मी म्हटलं की आत्याबाई, नेटवर्क गेलं, बाकी काही नाही. ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी कीर्तन बघताना तेच चाक त्यांच्या मोबाईलवर फिरतं आणि त्या त्याला शिव्या देतात. पण हातातला दोरा थांबला. जोडवं ना मागे ना पुढे, सांध्यावर आवळून बसलेलं, आणि माझ्या मस्तकापर्यंत कळा. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं. एकदा माझ्या पायाकडे. मला वाटलं आता या उठतील आणि मागे न बघता आत निघून जातील.

त्यांनी मोबाईल उचलून पालथा ठेवला. मग दोन्ही हातांनी माझा पाय धरला आणि दोरा उलगडला. सांध्यावरून जोडवं निघालं तेव्हा मी पलंगाची पट्टी अशी धरली होती की हाताला वळ उठले. दुसरा पाय त्यांनी न विचारता घेतला. पुन्हा पिन, पुन्हा तेल, पुन्हा वेढे. या वेळी मोबाईलकडे बघायचं त्यांनी नावही काढलं नाही. दोन्ही जोडवी निघाल्यावर त्यांनी बोटांना सैलसा लाल दोरा बांधला, स्वतःच्या हाताने.

मोबाईल वाजला. मी उलटा केला तर नवरा, तोंडात घास, विचारतोय की कुठे गेल्या होत्या, झालं का. आत्याबाईंनी त्याला नीट पाहून घेतलं आणि झालं, जेव तू, म्हणून फोन बंद केला.

माझे पाय अजून त्यांच्या मांडीवर होते. सासूच्या मांडीवर सुनेचे पाय हे काही बरं दिसत नाही, म्हणून मी ओढून घ्यायला लागले. त्यांनी सोडले नाहीत. बोटात जोडव्याची खोल खाच पडली होती, तिच्यावर त्या तेल चोळत होत्या. हळूहळू बोटाचा रंग परतत होता आणि मुंग्या यायला लागल्या होत्या. वर न बघताच त्या बोलल्या.

"माह्ये काढले तवा हा पोटात होता. आठवाच चालू होता. पाय असेच सुजेल होते. तीन जनींनी धरलं मले, अन् वढून काढले. तेल कोनी लावलं नाही."

माझ्या नवऱ्याने बाप पाहिलेला नाही, हे मला लग्न ठरलं तेव्हापासून माहीत होतं. स्थळ सांगायला आलेल्या माणसाने ते पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. म्हणजे त्या वेळी या भरल्या दिवसाच्या होत्या, म्हणजे यांचेही पाय सुजलेले असणार, म्हणजे यांची जोडवीही अशीच रुतलेली असणार, एवढा साधा हिशोब पाच वर्षं एका घरात राहून माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. भांडायला मात्र मी तयार असायचे. मला त्या तीन बायकांचा भयंकर राग आला, ज्या मी कधी पाहिल्या नाहीत आणि ज्यांतली एकही बहुतेक आता जिवंत नसेल. आणि माझीच लाज वाटली.

  आत्याबाईंनी विचारलं की आता टोचलेलं समजते का, आणि माझ्या बोटाच्या टोकाला नख लावून पाहिलं. मी म्हटलं, समजतं.